उंबऱ्यावरची हॉकी

निळे हरले त्याचं खापर कुणाकुणाच्या डोक्यावर फोडायचं, याची यादी चष्मेवाल्यानं सोमवारी सकाळी दुकानाचं शटर वर करेपर्यंत तयार केली होती. पहिला अंपायर. त्या माणसाला दुकानात बोलावून फुकट डोळे तपासून द्यायची चष्मेवाल्याची तयारी होती, काचाही अर्ध्या किमतीत. दुसरा गोलकीपर, जो शूटआउटच्या वेळी पाहुण्यांच्या स्वागताला उभा राहावा तसा हात पसरून उभा होता. तिसरा प्रशिक्षक, कारण प्रशिक्षकाला चार शिव्या घातल्याशिवाय हरल्यासारखं वाटतच नाही. आणि चौथी स्वतःची बायको. आदल्या संध्याकाळपर्यंत ती यादीत सगळ्यांत वर होती. पण उपाशीपोटी झोपल्यावर माणसाला थोडं शहाणपण येतं, म्हणून त्यानं तिला खाली सरकवलं होतं.

उपाशी त्याला कुणी ठेवलं नव्हतं. जेवण टेबलावर झाकून ठेवलेलं होतं. जेवायला या, असं कुणी म्हटलं नाही म्हणून तो जेवला नाही, आणि तो जेवला नाही याची कुणी दखलही घेतली नाही.

झालं होतं ते असं. चष्मेवाल्याच्या घरात हॉकीची मॅच नुसती बघत नसत, मांडत असत. तो स्वतः खिडकीजवळच्या खुर्चीत, उजवा पाय स्टुलावर. मेव्हणा, म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ, सोफ्याच्या डाव्या कोपऱ्यात. हा गृहस्थ पिवळ्यांचा भक्त, आणि त्याचं एकमेव कारण म्हणजे भाऊजी निळ्यांचे. आणि बायको स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर, उभी. अकरा वर्षांपूर्वी ती माळ्याची किल्ली कुठे आहे हे विचारायला तिथं येऊन उभी राहिली आणि त्याच क्षणी निळ्यांनी पेनल्टी कॉर्नरवर गोल मारला. चष्मेवाला ओरडला होता, "हलू नकोस!" ती हलली नाही. निळे जिंकले. तेव्हापासून निळ्यांची प्रत्येक मॅच तिनं त्याच उंबऱ्यावर, उजवा खांदा चौकटीला टेकवून, उभ्यानं काढली. किल्ली अजून सापडलेली नाही.

रविवारी दुपारी प्लेऑफची उपांत्य फेरी होती. निळे दोन, पिवळे एक, आणि उरलेली मिनिटं चार. मेव्हणा उशी तोंडात धरून बसला होता. तेवढ्यात उंबऱ्यावरून आवाज आला, "अहो, गुडघे फार बोलायला लागलेत. मी टेकते जरा." आणि कुणी काही म्हणायच्या आत ती सरळ येऊन सोफ्यावर बसली.

चाळीस सेकंदांत पिवळ्यांनी बरोबरी केली. मग शूटआउट झालं, आणि त्यात निळ्यांची जी काय शोभा झाली ती झाली.

"तू बसलीस आणि निळे बसले!" चष्मेवाला कडाडला. "चार मिनिटं! फक्त चार मिनिटं उभं राहवलं नाही तुला? अपशकुन करायला दुसरा दिवस नव्हता मिळत?"

खोलीभर नाचणारा मेव्हणासुद्धा एका पायावर थांबला. बायको सोफ्याच्या हाताला धरून सावकाश उठली, तिनं टीव्ही बंद केला आणि शांतपणे म्हणाली, "यापुढे तुमची हॉकी तुम्हीच बघा. मी त्या वेळी शेजारी जाऊन बसेन, नाहीतर पांघरूण घेऊन झोपेन. पण तुमच्याबरोबर मॅच बघणं संपलं."

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ओरडणारी माणसं संध्याकाळपर्यंत विसरतात. ही बाई शांतपणे बोलली की दगडावरची रेघ, हे चष्मेवाल्याला सत्तावीस वर्षांच्या संसारात चांगलं ठाऊक होतं. एकदा तिनं असंच शांतपणे सांगितलं होतं की तुमच्या आत्याच्या घरी मी पुन्हा पाऊल टाकणार नाही. आत्या वारली, त्या घरात भाडेकरू आले, तरी ही त्या गल्लीतून जात नाही.

दुकानात त्यानं आधी एक चष्म्याची दांडी दुरुस्त करायला घेतली आणि मोडून ठेवली. मग काचा घासायच्या मशीनवर एक काच चढवली, तीही बिघडवली. मन ठिकाणावर नव्हतं. निळे काय, पुढच्या वर्षीही हरतील; ते त्यांच्या अंगवळणी पडलं आहे. पण गोल झाला की त्याची पहिली नजर टीव्हीवर नाही, उंबऱ्याकडे जायची, ही गोष्ट त्याला आज पहिल्यांदा कळत होती. तिथं आता नुसती चौकट असणार. शेजारी हसायला कोण, तर मेव्हणा! या विचारानं चष्मेवाल्याला खरोखर भीती वाटली.

अकराच्या सुमाराला मास्तरीणबाई आल्या. अर्ध्या गल्लीला त्यांनी पाढे शिकवले होते आणि उरलेल्या अर्ध्या गल्लीला चोपलं होतं. कपाळाच्या डाव्या बाजूला टेंगूळ.

"नंबर वाढलाय बहुतेक," त्या म्हणाल्या. "दारं मध्ये येतात."

चष्मेवाल्यानं भिंतीवरचा अक्षरांचा तक्ता वाचायला लावला. बाईंनी शेवटच्या ओळीपर्यंत घडाघडा वाचला, वर तिसऱ्या ओळीतलं एक अक्षर पुसट झालंय अशी तंबीही दिली. नंबर तसूभर वाढला नव्हता. मग तो त्यांच्या समोर स्टुलावर बसला. एक डोळा झाकून त्यांना आपल्या नाकाकडे बघायला सांगितलं आणि बाजूनं बोटं हलवत हात हळूहळू पुढे आणायला लागला. "बोटं दिसली की सांगा." उजवीकडून बाईंनी लगेच सांगितलं. डावीकडून हात येत राहिला, येत राहिला, जवळजवळ नाकासमोर आला तेव्हा त्या म्हणाल्या, "हं, आता." दुसऱ्या डोळ्याचंही तेच.

"बाई, तुम्हाला डावीकडचं दिसत नाहीये."

"असं होय! आणि आमची सून म्हणते, सारखं 'काय झालं, काय झालं' काय विचारता, दिसत नाही का? अगं, दिसत नाही म्हणूनच विचारते ना! दिसलं असतं तर तुला कशाला विचारलं असतं?"

चष्मेवाल्यानं मोठ्या हॉस्पिटलातल्या डॉक्टरांच्या नावे चिठ्ठी लिहिली, आजच जा म्हणून दोनदा बजावलं, त्यांच्या मुलाला फोन करून बोलावून घेतलं. मुलगा त्यांना घेऊन गेला आणि हा स्टुलावर तसाच बसून राहिला. कारण 'काय झालं?' हा प्रश्न त्याच्या ओळखीचा होता. निळ्यांच्या प्रत्येक मॅचला उंबऱ्यावरून तो यायचा. इकडे धुमश्चक्री चाललेली, आणि तिकडून, "काय झालं हो? गोल झाला का?" आणि तो, डोळ्यांचा धंदा करणारा माणूस, मान न वळवता खेकसायचा, "दिसत नाही का?"

त्यानं 'जेवायला गेलो आहे' ही पाटी लावली आणि घर गाठलं. घरात कुणी नव्हतं. बायको गुडघा दाखवायला भावाबरोबर दवाखान्यात गेली होती. चष्मेवाल्यानं टीव्ही लावला आणि जाऊन उंबऱ्यावर उभा राहिला, अगदी ती राहायची तसा, उजवा खांदा चौकटीला टेकवून.

बातम्यांत हवामान सांगत होते. त्याला एक हात दिसला. तो हात कशाकडे तरी दाखवत होता, पण ज्या बाईचा तो हात होता ती बाई आणि ज्या ढगांकडे तो जात होता ते ढग, दोन्ही कपाटाच्या आड होते. पडद्याचा डावा अर्धा भाग साफ गायब. कपाट त्यानंच सहा वर्षांपूर्वी तिथं आणून ठेवलं होतं, आपल्या खुर्चीतून नीट दिसतंय ना याची चारदा खात्री करून. आत निळ्यांचे मफलर, निळ्यांचे मग, निळ्यांच्या सह्या असलेली एक तुटकी स्टिक.

त्याला लाज वाटली. गल्लीतल्या लोकांना कुठून कुठवर दिसतं हे तो बोटं नाचवून मोजत होता, आणि घरातल्या माणसाला काय दिसतं ते बघायला सहा वर्षांत सहा पावलं चालला नव्हता.

दाराशी किल्ली वाजली. गुडघ्याला पट्टा बांधून बायको आत आली, आणि नवऱ्याला आपल्या जागेवर बघून थबकली.

"काय करताय तिथं?"

"बघतोय."

"काय दिसतंय?"

"एक हात."

"कधीकधी दोन दिसतात," ती म्हणाली. "बाई लठ्ठ असली की."

"अगं, मग सांगायचंस ना!"

"सांगितलं होतं. कपाट आणलंत त्याच वर्षी. तुम्ही म्हणालात, हलू नकोस."

बायको सोफ्यावर बसली, पाय लांब केला आणि एकदम तिचा चेहरा खुलला. "खरं सांगू? काल बसले तेव्हा सहा वर्षांत पहिल्यांदा डावीकडचा गोल अख्खा बघितला. तीन जणांना चकवून काय मारला हो त्या पोरानं! उलट्या स्टिकनं! मी टाळ्याच वाजवणार होते."

"पिवळ्यांचा होता तो," चष्मेवाला कळवळला.

"असेना का. दिसला."

चष्मेवाला उंबऱ्यावरून तिच्यासमोर आला. लग्नापासून आजवर त्यानं माफी मागायच्या वेळी चहा करून वेळ मारून नेली होती. आज त्याला वाटलं, चहानं भागणार नाही. "चुकलो मी," तो म्हणाला. "काल जे बोललो तेही चुकलं, आणि त्याआधीचंही. कपाट आत्ता हलवतो. माझ्याबरोबर मॅच बघणं सोडू नकोस. मला एकट्याला हॉकी बघता येत नाही."

बायकोनं गुडघ्याचा पट्टा सारखा केला.

"शनिवारी तिसऱ्या नंबरची मॅच आहे ना निळ्यांची?"

"ती कोण बघतं? हरलेल्यांची मॅच."

"मी बघणार. तुमच्या खुर्चीत बसून, पाय स्टुलावर ठेवून. तुम्ही उंबऱ्यावर. कपाट रविवारी हलवा."

शनिवारी मेव्हणा अर्धा तास आधीच हजर. पिवळ्यांची फायनल दुसऱ्या दिवशी होती, या मॅचशी त्याचं काही देणंघेणं नव्हतं. पण भाऊजी उभे राहणार हे कळल्यावर तो चुकवतो कसला! "भाऊजी, पाणीबिणी देऊ का उभ्यानं?" असं त्यानं दोनदा विचारून घेतलं. चष्मेवाल्यानं दात आवळले. पहिल्या पंधरा मिनिटांत टाचा दुखल्या, मध्यंतरापर्यंत कंबर, आणि तिसऱ्या सत्रात त्याचे स्वतःचे गुडघे बोलायला लागले. हॉकी म्हणून त्याला जे दिसत होतं त्यात चेंडू डावीकडे गेला की संपूर्ण खेळ कपाटात शिरत होता आणि लोक मात्र ओरडत होते.

शेवटची चार मिनिटं. एकास एक. निळ्यांची पोरं चेंडू घेऊन कपाटाच्या दिशेनं पळाली आणि दिसेनाशी झाली. मेव्हण्याच्या हातातली उशी खाली पडली. बायको खुर्चीतून पट्ट्यासकट उठली आणि तिनं दोन्ही हात वर केले.

"काय झालं?" चष्मेवाला मान लांबवून ओरडला. "अगं, काय झालं?"

"दिसत नाही का?" बायको मान न वळवता म्हणाली. "गोल झाला. आता अजिबात हलू नका."