निजलेल्या मिरच्या

बुवांनी आख्यान रंगात आणलं तेव्हा मठाच्या दारातलं ऊन उंबऱ्यावर आलं होतं. एरवी गुरुबसप्पांची टाळी सगळ्यांच्या आधी पडायची. आज मात्र त्यांचे डोळे त्या उन्हावरच होते. ऊन उंबरा उतरून बाहेर गेलं, तशी त्यांनी शेजारच्या सिद्धलिंगप्पांच्या गुडघ्याला हात लावला.

"जाऊ का मी?"

"बुवा उभं असताना? कीर्तनातनं उठत्यात व्हय कुणी?" सिद्धलिंगप्पा हळूच म्हणाले. "आरती होऊ द्या की. घरी कोण वाट बघतंय तुमची?"

घरी तीन मिरच्या होत्या. त्यांच्या बायकोनं, बसव्वानं, माहेरच्या बिया रुजवून डालड्याच्या डब्यांत लावलेल्या. मार्गशीर्षात बसव्वा गेली. मिरच्यांनी मात्र थंडी कशीबशी काढली. शिवरात्र झाली, आता भ्या न्हाय, असं गुरुबसप्पा म्हणतात तोवर बार्शीकडं गारा पडल्या आणि गारठा उलटून आला. परवा पाचातली दोन झाडं काळी पडली. डब्यांची बुडं गंजून मुळं फरशीच्या फटीत शिरलेली, त्यामुळं आत नेणंही जमेना. रोज दिवस असतानाच ते मातीत काटक्या रोवायचे, फांद्या गोळा करायचे आणि वरून गोणपाट घालायचे. दिवेलागणीनंतर झाडाला हात लावायचा नाही. झाडं निजतात. हा बसव्वाचा नेम.

कीर्तनातून उठणं त्यांच्यानं झालं नाही. आरती घेऊन ते जवळजवळ धावतच निघाले, तरी गल्लीत शिरले तेव्हा घराघरांत दिवे लागलेले होते. आभाळ स्वच्छ होतं आणि गार वारं सुटलं होतं.

त्यांनी कुलूप काढलं. आत खाट करकरली. बसव्वा गेल्यापासून रोज करकरायची, कुणी कूस बदलल्यासारखी. रोज ते "आलो गं" म्हणायचे. आज ते तसेच गोणपाट शोधायला वळले.

गोणपाट दिवसभर न्हाणीच्या पन्हळीखाली पडून भिजलेलं. गुरुबसप्पांनी ट्रंक उघडून चादर काढली. बावीस वर्षं ते चादरीच्या कारखान्यात घडी खात्यात होते. मुलुखभर लोक त्यांनी घातलेल्या घड्या उलगडून निजत होते. ही एक मात्र मार्गशीर्षापासून तशीच होती. ती काखेत धरून ते अंगणात आले, काटक्या घेऊन डब्यांपाशी बसले. हात पुढं गेला आणि थांबला.

"आता नगा हात लावू, अण्णा." शेजारच्या अंबुबाई आपल्या दारात उभ्या होत्या. "निजली की झाडं. बसव्वा मला कढीपत्त्याचं पान सुदीक तोडू द्यायची न्हाई."

"ठावं हाय, अक्का."

"मग?"

गुरुबसप्पांनी काखेतली चादर मांडीवर घेतली.

"त्या रात्री ती बी निजली हुती," ते म्हणाले. "डॉक्टर सांगून गेलते, डोळा लागलाय, उठवू नगा. ही चादर पायाशी हुती. उलगडली तर जागी हुईल, म्हणून म्या उलगडलीच न्हाई. पहाटं पायाला हात लावला..."

अंबुबाईंनी पदर तोंडाला लावला. आतून पुन्हा खाट वाजल्यासारखं झालं. दोघांनीही तिकडं पाहिलं नाही.

"निजलेल्यालाच थंडी लागती, अक्का," गुरुबसप्पा म्हणाले.

त्यांनी डब्यांपुढं हात जोडले. मग एकेक फांदी बोटांनी हलकेच गोळा केली. पानं गार होती आणि मऊ. काटक्या रोवून त्यांनी चादर उलगडली. घडी इतकी मुरलेली होती की झटकल्यावरही तिच्या रेघा राहिल्या. वाऱ्यानं तिची टोकं उडू लागली.

अंबुबाई आपल्या घरात गेल्या. चुलीच्या विटा त्यांनी फडक्यात धरून आणल्या, एकेक करून. झाडांना हात न लावता त्यांनी चादरीच्या तीन टोकांवर त्या ठेवल्या. विटा अजून कोमट होत्या. चुलीला असतातच किती विटा, चौथी नव्हती.

"आत जावा आता, अण्णा. बाधंल गारठा."

"व्हय," गुरुबसप्पा म्हणाले, आणि चादरीचं चौथं टोक हातानं फरशीवर दाबून तिथंच बसून राहिले.