ताठा

“वाक की जरा! कंबरंला काय पहार बांधलीया?”

ओसरीवर नातवाला घेऊन बसलेल्या गोजाबाई सुनेवर ओरडल्या. मंजुळाच्या हातून पळी पडली होती. ती वाकली नाही. पाठ सरळ ठेवून, गुडघे मोडत हळूहळू उकिडवी बसली आणि मांडीवर हात रोवून उठली.

गोजाबाईंना हे कधीचं सलत होतं. दसऱ्याला त्यांची थोरली जाऊ सोनं द्यायला आली, तेव्हा मंजुळाचा हात तिच्या पायांपर्यंत पोचलाच नाही, गुडघ्याजवळूनच परतला. भावकीतल्या बायकांनी तोंडाला पदर लावले. नवरा पिंपरीच्या औषधाच्या कारखान्यात लागला, पदरात मुलगा पडला, आता ही कशाला वाकेल? संध्याकाळी सुनेचं अंग तापायचं. गोजाबाई कपाळाला हात लावून बघायच्या आणि मनात म्हणायच्या, मुद्दाम चुलीपुढं बसली असेल.

म्हणून मालोजी बायकोला चिंचवडच्या डॉक्टरांकडे घेऊन निघाला, तेव्हा पोराला काखेत मारून त्याही निघाल्या. नवरा-बायकोचं काय शिजतंय ते तरी कळेल.

डॉक्टरांनी एक किल्ली जमिनीवर टाकली. “उचला बघू.”

मंजुळा तशीच बसली, तशीच उठली.

“बघितलंसा? असा ताठा हाय हिचा!”

“ताठाच आहे बाई, पण मणक्याचा. हात द्या इकडे.” डॉक्टरांनी गोजाबाईंची बोटं सुनेच्या पाठीवर टेकवली. मधोमध एक हाड खुंटीसारखं वर आलं होतं.

चार दिवसांनी, पुण्याहून काढून आणलेल्या एक्स-रे फोटोत दोन मणके वाळवीनं खाल्ल्यासारखे दिसले. “मणक्याचा क्षय,” डॉक्टर म्हणाले.

“खोकला न्हाई, रगात न्हाई, आन् क्षय?” गोजाबाई मालोजीच्या कानाशी लागल्या. “ह्यो डाक्टर हिच्या म्हायेरचा हाय का रं?”

“आये, गप की.”

“तुज्या कारखान्यात पेनिसिलीन का काय बनतंय न्हवं? त्ये आण की मग.”

“त्यानं हे जंतू मरत न्हाईत. दुसरं औषध हाय, परदेशातून येतंय.”

डॉक्टरांनी पुढचं सांगितलं. रोज इंजेक्शन. प्लास्टरचा साचा करायचा आणि त्यात पाठीवर पडून राहायचं, वर्षभर, कदाचित जास्तच. मूल उचलायचं नाही, अंगावर पाजायचं नाही. नाही ऐकलं तर पाय लुळे पडतील.

मंजुळानं पोराकडे पाहिलं. ते आजीच्या बोरमाळेशी खेळत होतं.

“मला काय बी झालं न्हाई,” ती म्हणाली. “आत्याबाई म्हणत्यात त्येच खरं. मुद्दाम करत हुते मी. ताठाच हाय माजा. चला घरी.”

हेच ऐकायला गोजाबाई दसऱ्यापासून टपून बसल्या होत्या. आता सुनेनं आपल्या तोंडानं कबूल केलं, आणि त्यांचा विश्वास बसेना.

“खोटं बोलतीया,” त्या डॉक्टरांना म्हणाल्या. “तुमी साचा करा.”

मंजुळा कासारवाडीच्या घरात, माजघरात आडवी झाली. तिचे डोळे तेवढे हलायचे, सासू पोराला घेऊन जाईल तिकडे. पोर भुकेनं रडलं की साच्यात पडल्यापडल्या तिची चोळी भिजायची. ते एकदा बघितल्यापासून गोजाबाई पोरानं भोकाड पसरायच्या आतच त्याला उचलून स्टेशनच्याही पलीकडे न्यायच्या, रडणं घरापर्यंत येणार नाही इतक्या लांब. वाटीतलं दूध तिथंच पाजायच्या.

“एवढ्या लांब का नेता त्याला?” एके दुपारी मंजुळानं विचारलं. “मला इसरावं म्हणून?”

गोजाबाईंनी पोराला खाली ठेवलं.

“आगगाडी बघतंय त्ये,” त्या म्हणाल्या. मग कोरडं फडकं घेतलं, आणि सुनेच्या नजरेला नजर न देता तिच्या ओल्या छातीवर हलकेच पसरलं.