भिंतीतलं गाठोडं

भुताखेतांवर माझा काडीचा विश्वास नाही, हे आधीच सांगून टाकते. मी गावची आशा कार्यकर्ती. पोरांचे डोस चुकू द्यायचे नाहीत, गरोदर बायांना वेळेवर दवाखान्यात न्यायचं, आणि कुणी लिंबू-मिरचीचे उतारे काढायला लागलं की तोंड सोडायचं, हे माझं काम. तोंड सोडायला मला सरकार पैसे देत नाही, ते मी फुकट करते.

दिंद्रुड आणि तेलगावच्या मधे आमचं गाव. घरात देव नाहीत. मधल्या खोलीच्या जाड मातीच्या भिंतीवर बुद्धाची तसबीर, शेजारी बाबासाहेबांची, आणि त्या दोन्हींच्या खाली माझे आजेसासरे बंकटबाबा, चंदनाचा हार घालून. आमच्या वस्तीत सगळ्यांच्या आधी दीक्षा घेतली ती बंकटबाबांनी. लोक भीत होते, रेटून पुढं झाले ते. विहाराच्या पायरीवर त्यांचं नाव कोरलंय. या घरात सून म्हणून आले तेव्हा मला त्या नावाचा केवढा गर्व होता!

रोज दिवेलागणीला मेणबत्ती, उदबत्ती आणि वंदना. पाऊस असो, पाहुणे असोत, लाईट गेलेली असो, माझ्या सासूबाईंची वंदना चुकली नाही. सरूबाई त्यांचं नाव. मी आत्या म्हणते. पाली शब्द त्यांच्या तोंडी असे ठणठणीत, की विहारात नवीन भंतेजी आले तरी पहिल्यांदा आत्यांकडं बघायचे. पण तीन वेळा साधु म्हणून आम्ही सगळे उठलो, की आत्या तशाच बसून राहायच्या. डोळे मिटलेले, ओठ हलत असलेले, आवाज नाही. मला वाटायचं, जुन्या माणसांची एखादी जास्तीची गाथा असेल.

आणि मग त्या पदराने कान दाबून धरायच्या.

लग्नानंतर पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी विचारलं, कान दुखतोय का. त्या म्हणाल्या, "न्हाई. लेकरू रडतंय." मी बाहेर जाऊन बघून आले. आसपास तान्हं पोरच नव्हतं कुणाकडं. "कुठं रडतंय, आत्या?" तर त्यांनी तसबिरीच्या भिंतीकडं हनुवटी केली. "तिच्यातून येतंय."

माझे मिस्टर, अनिल, तेलगावला शाळेवर शिक्षक आहेत. ते म्हणाले, "घुशी असतील." घुशीच असतील, असं मीही धरून चालले. पण खरं सांगते, त्या वेळेला त्या भिंतीला पाठ लावून बसायचं मी टाळायची.

लेकरू कोणतं, ते अख्ख्या गावाला माहीत होतं. अनिलच्या आधीची मुलगी, आम्रपाली. आमच्या वस्तीत नव्या धम्मातलं नाव ठेवलेलं पहिलं पोर. चालायला, बोलायला लागली होती, आणि गोवरात गेली. तेव्हा गावात गोवर म्हणत नसत, बाया आल्या म्हणत. म्हणजे देवी अंगावर उमटली.

आणि देवीला तर या घरानं बुडवलं होतं. दीक्षेनंतर बंकटबाबांनी घरातली मरीआई काढली. आत्या तेव्हा नव्या नवरी. मुखवटा आणि टाक त्यांच्याच हातानं पुसून घेतले, त्यांच्याच लुगड्याच्या तुकड्यात बांधायला लावले. बाबा एकटे गाठोडं घेऊन वेशीबाहेरच्या पडक्या बारवेवर गेले आणि अंधार पडता कमरेपर्यंत भिजून परत आले. ते ओलं धोतर आत्यांनी पिळून वाळत घातलं होतं. पुढं काही वर्षांनी पोरगी गेली, तेव्हा आत्या जिच्या शेतात निंदायला जायच्या ती छबुबाई बांधावरून म्हणाली, "सरू, तू तिला पाण्यात बुडीवलीस, तिनं तुझं मातीत नेलं." हे वाक्य गावात इतके दिवस फिरलं, की मला लग्नात अहेराबरोबर मिळालं.

आत्यांचं उत्तर ठरलेलं. "ताप व्हता. औशिद न्हवतं. देवी-बिवी काय न्हवतं." ताठ मानेनं म्हणायच्या. गोवराच्या लसीला नको म्हणणाऱ्या आया मला भेटल्या, की मी त्यांना सरळ आत्यांपुढं आणून बसवायची. आत्या बोलल्या की बाई मुकाट पोराचा दंड पुढं करायची. माणसानं श्रद्धा ठेवावी तर अशी, असं मी चारचौघांत सांगत आले.

यंदा उन्हाळ्यात जुनी मधली खोली पाडून स्लॅब टाकायचं ठरलं. तसबिरी उतरवून ओसरीवर ठेवल्या. तानाजी मिस्त्रीनं सकाळीच भिंतीला पहार लावली. मी चुलीपुढं भाकरी थापत होते. पहारीचा आवाज थांबला, म्हणून बघायला गेले, तर तानाजी चपला काढून हात जोडून उभा.

"वहिनी, मी हात लावणार न्हाई. तुमचं तुमी बघा."

जिथं बुद्धाची तसबीर होती, बरोबर त्याच्या मागं, भिंतीच्या पोटात कोनाडा बुजवलेला होता. त्यात एक गाठोडं.

मी ते काढलं. माती झटकली. कापड हातातच फाटलं, आणि आतून दोन टाक निघाले, हळकुंडाचा काळा पडलेला तुकडा, आणि मुठीएवढा पितळेचा मुखवटा. मोठाले डोळे. इतकी वर्षं अंधारात राहून ते डोळे तसेच उघडे होते. रोज आम्ही सगळे ज्या भिंतीपुढं गुडघे टेकत होतो, माथा टेकवत होतो, त्या भिंतीतून ही बाई आमच्याकडं बघत होती.

आत्या मागं येऊन उभ्या राहिल्या होत्या. त्यांनी मुखवट्याकडं बघितलंच नाही. फाटलेलं कापड घेतलं, काठ बोटांवरून फिरवला, आणि गाठ चाचपली. "ही माझी गाठ हाय," त्या म्हणाल्या. मग खालीच बसल्या.

अनिल शाळेतून धावत आले. घामाघूम. "कुणाकुणाला माहीत झालंय?" हा त्यांचा पहिला प्रश्न. विहाराच्या कमिटीवर आहेत ना! "आत्ताच्या आत्ता माजलगावच्या धरणात टाकून येतो. बंकटबाबांच्या घरात मरीआई निघाली म्हणल्यावर लोक काय म्हणतील?"

"लोकांचं ऱ्हाऊ दे," आत्या म्हणाल्या. "तुझा आज्जा धोतर भिजवून कशापाई आलता, ते सांग मला."

अनिल रुमालानं घाम पुसत राहिले. मला मात्र संतापानं काही सुचेना. म्हणजे या माणसानं पाण्यात उतरून धोतर भिजवलं, गाठोडं लपवून घरी आणलं, रात्री सगळे झोपल्यावर देवी भिंतीत घातली, वर लिंपलं, आणि त्यावर तथागत टांगले. वस्तीला म्हणाला बुडवली. आणि सून गावाच्या तोंडून शिव्याशाप खात असताना समोर बसून ऐकत राहिला! मी ओसरीवर गेले आणि बाबांच्या तसबिरीचा हार ओढून काढला.

"घाल ते परत," आत्या म्हणाल्या. "भ्यालेलं माणूस व्हतं ते. सोडायला बी भ्यालं, आन् सांगायला बी."

मी हार घातला, पण वाकडा.

तानाजीनं गावात सांगितलंच असणार, कारण दुपार कलायच्या आत छबुबाई काठी टेकत आली. नव्वदीला टेकलेली, पाठीचा कणा मोडून काटकोन झालेला. साठ-सत्तर वर्षांत पहिल्यांदा ती आमच्या उंबऱ्याच्या आत आली, तीही हातात खण-नारळ घेऊन. मुखवटा दिसला तशी ती खालीच टेकली.

"आगं सरू, हितंच बसलीय की गं आई! ओटी भर, माफी माग तिची."

"कशाची माफी?" आत्या म्हणाल्या. आवाज चढला नव्हता. "आमी हिला बुडीवलीच न्हाई. घरात व्हती. छपराखाली, उबंला. मग हिनं माझं लेकरू कशापाई नेलं, ते इचारा की तिला. मी रोज वंदना झाल्यावर हिची माफी मागत आले, छबुबाई. रोज. बुद्धापुढं बसून, चोरून. मला पाप लागू दे, म्हणायची, पन त्या पोरीला आता रडवू नको."

ती जास्तीची गाथा ही होती! ज्या बाईचं उदाहरण देऊन मी गावातल्या भित्र्या बायांना हसत होते, ती माझ्या शेजारी बसून रोज हे करत होती, आणि मला पत्ता नव्हता.

छबुबाईचा खण हातातच राहिला. मग एकदम बारीक आवाजात म्हणाली, "मंग मी बांधावरून बोलले ते... ते उगंच बोलले का गं?"

"उगंच बोललात."

म्हातारी रडायला लागली. आत्यांनी तिला पाणी दिलं. मग मुखवटा आणि टाक नव्या फडक्यात बांधले आणि तिच्या ओटीत ठेवले. "तुमी मानता, तुमी न्या. माझं हिच्याशी वैर न्हाई, आन् सोयरीक बी न्हाई."

छबुबाईला मी तिच्या दारापर्यंत सोडून आले. परत येताना मला इतकं हलकं वाटत होतं, की रस्त्यात हसूच फुटलं. घरी येऊन मी आत्यांपुढं फतकल मारली. "सुटलात, आत्या! शाप नव्हता, कोप नव्हता. देवीला तुम्ही दुखवलंच नव्हतं. पोरगी गोवरानं गेली. तुम्ही म्हणत होतात तेच खरं निघालं."

आत्या पाडलेल्या भिंतीच्या मातीकडं बघत होत्या.

"वनिता, ती गेली तवा मी कुटं व्हते, ठाव हाय तुला?"

मला वाटलं घरी. अर्थात घरी.

"बारवंवर," त्या म्हणाल्या. "समदे म्हणले, पान्यात हाय देवी, तिला पान्यातच थंड कर. तुझे सासरे पोरीला दवाखान्यात न्यायचं म्हणत व्हते. त्यांनी गाडी बी जुपली व्हती. मी म्हणलं, आधी देवीला मनवून येते. लिंबाचा पाला घेऊन गेलते. दिवसभर त्या पान्यात पाला सोडीत बसले, नाक घाशीत बसले. मामंजी मला जाताना बघत व्हते. या ओसरीवर बसून बघत व्हते. एक अक्षर बोलले न्हाईत. बारवंत काय बी न्हवतं, वनिता. नुसतं पानी व्हतं. मी घरी आले तर गाडी तशीच जुपलेली, आन् बैल वैरन खात व्हते. शेजारीन म्हणली, पोरगी दिवसभर आई आई करून रडत व्हती, आत्ताच निजली."

मी त्यांचा हात धरला. दुसरं काय करणार? सुटलात म्हणाले होते मी! भिंतीतून जे बाहेर आलं त्यानं त्यांच्या डोक्यावरची देवी तेवढी उतरली होती. तिच्याखाली जे दडपलं होतं ते आता उघडं पडलं, आणि ते सहन करायला आता देवीचा आडोसाही नव्हता.

दिवस मावळला. आत्या उठल्या, हातपाय धुतले, पांढरं लुगडं नेसल्या. भिंत नव्हतीच, म्हणून अनिलनी दोन्ही तसबिरी मातीच्या ढिगापुढं एका खुर्चीवर मांडल्या. मी मेणबत्ती लावली. छप्पर अर्धं उतरवलेलं, वर उघडं आभाळ, खालच्या मातीला तो जुना कोंडलेला वास. आम्ही तिघांनी वंदना म्हटली. शरणं झाली, शीलं झाली. चौथं शील आलं, खोटं न बोलण्याचं, तेव्हा अनिल मधेच थांबले आणि आत्यांनी एकटीनं ते शेवटापर्यंत नेलं. शब्द तसेच ठणठणीत.

साधु म्हणून झालं. अनिल उठले. मी उठले नाही. आत्यांचे ओठ मिटलेले होते. माफी मागायला समोर कुणी उरलंच नव्हतं.

मग त्यांनी मान वळवली. भिंत नव्हती, गाठोडं नव्हतं, घूस असती तरी सकाळीच पळाली असती. तरी त्यांनी मान वळवली, आणि मला कळलं की ते रडणं आलं होतं.

पदर कानाकडं गेला नाही. आत्या गुडघ्यांवर पुढं सरकल्या, मातीत दोन्ही हात टेकवले, आणि ज्या आवाजात मी त्यांना कधीच बोलताना ऐकलं नव्हतं, कोवळ्या पोरसवदा आवाजात म्हणाल्या, "हाय गं माय. हाय. आले मी. आता न्हाई जायची कुटं."

मला काही ऐकू आलं नाही. खरं सांगते, काही म्हणजे काही नाही. तरी मी आत्यांजवळ सरकले, आणि बसताना मधे एका लेकराला बसता येईल एवढी जागा सोडली.