भिडेपोटी आलेला ताप

श्रीनाथला 'नाही' म्हणता येत नसे. पुण्यात हा दुर्गुण मानत नाहीत, उलट 'मुलगा फार चांगला आहे हो' म्हणतात. लग्नाच्या कोटाच्या बाह्या शिंप्याने चार बोटं आखूड शिवल्या, तरी हा आरशासमोर 'मस्त झालाय' म्हणाला आणि सगळं रिसेप्शन हात मागे बांधून उभा राहिला. भिडस्त माणसाचं कुणाशी भांडण होत नाही. त्याला फक्त थापा माराव्या लागतात. 'जरा कणकण आहे' ही त्यातली सगळ्यांत निरुपद्रवी थाप. तिच्या जोरावर आपल्याकडे निम्म्या बारशांना आणि मुंजींना दांडी मारली जाते. बोलावणाऱ्यालाही ते ठाऊक असतं, आणि कुणी थर्मामीटर घेऊन दारात येत नाही.

पण ही गोष्ट दोन हजार एकवीसच्या ऑगस्टमधली, आणि तीही ऑस्ट्रेलियातल्या टूवूंबा शहराच्या पलीकडच्या एका लहानशा गावातली. श्रीनाथ तिथे धान्याच्या कोठारांवर इंजिनिअर होता. गावात एक शाळा, एक बेकरी, एक पेट्रोलपंप आणि एक हॉल. करोना अजून गावात शिरला नव्हता, पण ब्रिस्बेन नुकतंच लॉकडाऊनमधून सुटलं होतं आणि साधी शिंक आली तरी लोक टेस्ट करून येत. अशा दिवसांत कणकण ही थाप राहत नाही, तिची बातमी होते. एवढं तरी इंजिनिअर माणसाच्या लक्षात यायला हवं होतं.

झालं असं, की हॉलचा पत्रा गळायला लागला. पत्र्यासाठी पैसे उभे करायला शनिवारी हॉलसमोर सॉसेज सिझल ठरलं. म्हणजे मोठ्या तव्यावर सॉसेज भाजायचे आणि पावात घालून विकायचे. हॉलची कमिटी म्हणजे डग नावाचा एक धिप्पाड शेतकरी. त्याने बेकरीच्या दारात श्रीनाथला गाठलं, पाठीवर थाप मारली आणि म्हणाला, "शनिवारी तू तव्यापाशी. आता तू आमच्यातलाच आहेस, मेट."

"नो वरीज," श्रीनाथ म्हणाला, आणि घरी येईपर्यंत पस्तावला. तो कोंबडी खायचा, बकरा खायचा, पण बीफ नाही, आणि इथले सॉसेज बीफचे. ते चिमट्याने उलटंपालटं करत दिवसभर त्या धुरात उभं राहणं त्याला जमणारं नव्हतं. शिवाय गावाच्या फेसबुक पेजवर फोटो टाकणार, आणि पुण्यातले सासरे फेसबुकवरच राहायला असतात.

"सरळ सांग ना, चालत नाही म्हणून," बायको अस्मिता म्हणाली. "खाणार आहेत का तुला?"

"अगं, इतक्या प्रेमाने बोलला तो. कसं सांगू? जमतच नाही मला."

शनिवारी सकाळी त्याने डगला मेसेज केला: ताप वाटतोय, घसाही दुखतोय, सॉरी. डगचं उत्तर लगेच आलं. शाब्बास, बरं केलंस सांगितलंस, टेस्ट करून घे, आराम कर. श्रीनाथचा जीव भांड्यात पडला. त्याने स्वतःच्या हाताने पोहे केले, वर खोबरं भुरभुरलं आणि दोनदा वाढून घेतले.

पोह्यांची बशी हातात असतानाच मर्व्हचा फोन आला.

मर्व्ह म्हणजे शेजारचे म्हातारबुवा. त्यांची बायको जून टूवूंबाच्या एका वृद्धाश्रमात होती. जूनच्या सगळ्या आठवणी पार पुसल्या गेल्या होत्या. मुलं, बहीण, स्वतःचं घर, काही म्हणता काही ओळखत नसे. ओळखायची फक्त मर्व्हना. दुसऱ्या कुणाच्या हातून ती नीट खात नसे, म्हणून तिला भरवायला ते रोज जेवणाच्या वेळी जायचे. डोळे अधू झाल्यामुळे गाडी चालवणं सुटलं होतं, म्हणून गावाने वार वाटून घेतले होते. श्रीनाथकडे शुक्रवार होता. हे काम मात्र तो भिडेपोटी करत नसे. जाताना बेकरीत थांबायचं, मर्व्हच्या शेळ्यामेंढ्यांच्या गोष्टी ऐकायच्या, आणि तिकडे खोलीच्या दारातून जूनचा चेहरा उजळताना बघायचा, हे त्याला मनापासून आवडायचं.

"कसा आहेस?" मर्व्हनी विचारलं. "डगने सांगितलं. हे बघ, मी जूनच्या तिथे फोन करून टाकला. काल तासभर तुझ्या शेजारी बसलो होतो ना, लपवून कसं चालेल? ते म्हणाले, तुझा रिपोर्ट येईपर्यंत मला आत घेणार नाहीत. टेस्ट केलीस ना?"

आता पाहा, इथे तोंड उघडून एक वाक्य बोलायचं होतं. मर्व्ह, मला काही झालेलं नाही, मी थाप मारली. संपलं असतं. मर्व्ह दोन शिव्या हासडून जेवणाच्या वेळेला जूनपाशी पोचले असते. श्रीनाथने तोंड उघडलंही.

"करतोय," तो म्हणाला. "निघालोच आहे."

आणि खरंच निघाला. ठणठणीत माणूस टूवूंबाला गेला, गाड्यांच्या लांबच लांब रांगेत खोकणाऱ्या लोकांच्या मागे थांबला आणि नाकात काडी घालून घेऊन आला. रिपोर्ट कधी येईल म्हणून विचारलं, तर तिथली मुलगी म्हणाली, गर्दी फार आहे, दोन-तीन दिवस धरा. तोवर घराबाहेर पडू नका.

घरात अस्मिता त्याच्याशी बोलेना. आठ वर्षांची स्वरदा मात्र बोलली. "बट डॅड, यू आर नॉट ईव्हन सिक."

"शू. शाळेतून कुणी विचारलं तर बाबांचा घसा दुखतोय म्हणायचं."

स्वरदाने त्याच्याकडे असं पाहिलं, की त्याने मान फिरवली. आपल्या बापाने आपल्याला काय काय शिकवलं ते आठवायचा त्याने प्रयत्न केला. त्यात हे नव्हतं.

रविवारी फाटकापाशी हॉर्न वाजला. डग आला होता. भोपळ्याच्या सूपचं भांडं, लिंबांची पिशवी आणि स्वरदासाठी केक फाटकाच्या खांबावर ठेवून तो लांब गाडीपाशी उभा राहिला आणि तिथून ओरडून बोलू लागला.

"सूपमध्ये मांसबिंस काही नाही हं! काल तुझी आठवण काढली सगळ्यांनी. तुला नुसते कांदे परतायला ठेवणार होतो. वेगळा तवा आणला होता तुझ्यासाठी."

"वेगळा?" श्रीनाथ दारातून म्हणाला.

"तू बीफ खात नाहीस ना? मर्व्ह म्हणाला. बेकरीत सगळे बीफ भरलेला मीट पाय घेतात आणि तू प्रत्येक वेळी कस्टर्डचा गोड तुकडा घेतोस, हे त्याने हेरलं होतं. त्यानेच मला बजावलं, त्या पोराला सॉसेजला हात लावायला लावू नकोस, तो बिचारा नाही म्हणणार नाही."

डग हात हलवून निघून गेला. श्रीनाथ दारातच राहिला. जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं त्याला झालं. ज्याला आंधळा म्हणून गाडीत घालून नेत होता, त्या म्हाताऱ्याने त्याला आरपार ओळखलं होतं. आणि त्याच म्हाताऱ्याला याने घरात कोंडून ठेवलं होतं.

"आत्ता फोन कर," अस्मिता मागून म्हणाली.

"रिपोर्ट उद्या येईलच. आता सांगून काय उपयोग?"

"उपयोग? आज दुपारी जून जेवेल, हा उपयोग."

त्याने फोन हातात घेतला. मग खाली ठेवला. भीड माणसाला एकदाच अडवते असं नाही. एकदा तिच्यापुढे मान तुकवली की ती घरातच येऊन बसते. सांगायला जितका उशीर, तितकं सांगणं अवघड. सूप त्याच्या घशाखाली उतरेना, आणि घसा दुखतोय हे तेवढ्यापुरतं खरं झालं.

रिपोर्ट सोमवारीही आला नाही. मंगळवारी आला: निगेटिव्ह. त्याने मर्व्हना कळवलं, त्यांनी डगची गाडी मागवली आणि गेले. संध्याकाळी श्रीनाथने फोन केला.

"मला म्हणाली, नळ दुरुस्त करायला आलात का," मर्व्ह म्हणाले. "भरवायला गेलो तर तोंड मिटून घेतलं. अनोळखी माणसाच्या हातून कसं खाईल? नर्स म्हणते, हे कधी ना कधी व्हायचंच होतं. या दिवसांमुळेच झालं असं काही नाही म्हणते." मग म्हणाले, "तू बरा आहेस ना? हे महत्त्वाचं."

त्या रात्री श्रीनाथला झोप लागली नाही. कधी ना कधी व्हायचंच होतं, हे वाक्य तो एखाद्या मलमासारखं मनाला चोळत राहिला, आणि ते काही केल्या लागू पडेना. व्हायचं असेलही. पण शुक्रवारी झालं नव्हतं. शुक्रवारी जूनने मर्व्हना बघून दोन्ही हात पुढे केले होते, हे त्याने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं.

सकाळी तो मर्व्हच्या व्हरांड्यात जाऊन उभा राहिला. ते खुर्चीत बसून बुटांना पॉलिश करत होते. श्रीनाथ बसायलाही थांबला नाही, त्याने सगळं सांगून टाकलं. ताप नव्हता. घसा नव्हता. तव्यापाशी उभं राहायचं नव्हतं, आणि नाही म्हणता आलं नाही. सांगताना त्याचा आवाज चिरकला, आणि त्याचीही त्याला लाज वाटली.

मर्व्हनी ब्रश खाली ठेवला. रागावले असते तर श्रीनाथला बरं वाटलं असतं.

"म्हणजे तुला काहीच झालं नव्हतं."

"नाही."

"मी रोज रात्री काळजीत होतो. तुझ्या लेकीला होईल म्हणून."

मर्व्हनी पॉलिशच्या डबीचं झाकण लावलं.

"परवा शुक्रवार आहे," मर्व्ह म्हणाले. "मी जाणार. ती ओळखो, न ओळखो. तू नेशील का? आणि नो वरीज म्हणू नकोस. हो तर हो, नाही तर नाही."

श्रीनाथच्या डोळ्यांपुढे ती खोली आली. जून मर्व्हना नळवाले समजून बघते आहे, आणि आपण दारात उभे आहोत. ते बघायची त्याच्यात ताकद नव्हती.

"नाही," तो म्हणाला.

मर्व्हनी मान हलवली. "ठीक. मग मला दुसरं कुणी बघायला हवं." आणि ते खुर्चीचा हात धरून उठले, आत फोनकडे गेले.

घरी आल्यावर अस्मिताने विचारलं, "सांगितलंस? काय म्हणाले? आता येऊ नकोस म्हणाले का?"

"हो," श्रीनाथच्या तोंडून निघून गेलं. अगदी सहज, पोह्यांवर खोबरं भुरभुरावं तसं. मग त्याने स्वतःचंच तोंड दोन्ही हातांनी झाकलं. "नाही. ते तसं म्हणाले नाहीत. त्यांनी विचारलं, नेशील का म्हणून. मीच नाही म्हटलं. जूनसमोर उभं राहायची लाज वाटते गं मला."

"आयुष्यात पहिल्यांदा तोंडावर नाही म्हणालास, आणि तेही त्यांनाच?" अस्मिताने त्याचा फोन उचलून त्याच्या हातात कोंबला. "मर्व्हना गाडी हवीय रे. तुझ्या लाजेचं काय करायचंय त्यांना?"

त्याने फोन लावला. मर्व्हनी उचलल्याबरोबर तो म्हणाला, "हो. मी नेतो. शुक्रवारी मी येतो."

"डग हो म्हणाला मघाशीच," मर्व्ह म्हणाले. आवाजात राग नव्हता, खोच नव्हती. "इथून पुढे शुक्रवार तोच बघेल. तू नको वाईट वाटून घेऊस, मेट."

शुक्रवारी डगची गाडी फाटकासमोरून गेली. मर्व्ह पुढच्या सीटवर होते, पॉलिश केलेले बूट घालून, केस नीट विंचरून. कुठलंही घर दिसलं की करतात तसा त्यांनी श्रीनाथच्या घराकडे बघून हात वर केला. त्यांना खिडकीत कोण आहे ते दिसणं शक्य नव्हतं, तरी श्रीनाथ पडद्यामागे सरकला.