तळेवाड्याची रेघ

"घंटी बसव त्यात," कृष्णनाथबाब म्हणाले. "टँकरची ऑर्डर इली की ठणठणली पायजे. आमच्या सुमंगलाच्या आता कायच ध्यानात रवणा नाय."

सुमंगलामावशी तिथेच बसली होती, कॉम्प्युटरसमोर. तिने ऐकलं. मान वर केली नाही.

मे महिना. पेडण्यात विहिरी तळाला गेल्या की बाबांचे पाण्याचे टँकर दिवसभर धावतात. लोक फोन बाबांना करतात, टँकर कुठे पाठवायचा ते मावशी बघते. पूर्वी बाब दारातून ओरडायचे, मावशी ऐकायची, संपलं. यंदा मी त्यांना वेबअॅप करून दिलं. मी इंजिनियर वगैरे नाही. व्हिडिओ बघून बघून शिकलो. बाब मोबाइलवर ऑर्डर टाकतात, ती ऑफिसच्या स्क्रीनवर येते. डाव्या पट्टीत वाड्यांची नावं. नावावर क्लिक केलं की त्या वाड्याच्या ऑर्डरी. ती पट्टी मला भारी आवडायची. एकदम स्वच्छ.

"तळेवाड्याक जानकीकडे लग्नाचा घर," बाब मला सांगत होते. "काल दिवसभर पाणी नाय! पावणे हात धुवूक शेजाऱ्यांकडे. जानकी हय येवन माका वाट्टेल ता बोलान गेली. आणि हिका विचारलंय तर म्हणता, ऑर्डरच नव्हती. मी मोबाइल दाखवलंय. सकाळीच घातलेली! मागच्या हप्त्यातय तसाच. पाऊस पडलो की तिच्या जाग्यार मी दुसरा कोणतरी बघतंय, साईश."

बाब स्कूटर काढून गेले. पंखा तेवढा फिरत होता.

"बस त्या कदेलार," मावशी म्हणाली. "च्या घेतलंस?"

मी खुर्ची ओढली. चहा नको म्हटलं. तिने एकदा दाराकडे बघितलं. मग म्हणाली, "तुका एक सांगतंय. बाबांका सांगू नको हां. माझ्या आयेचा असाच सुरू झालेला. पयल्यांदा गॅस बंद करूक इसरायची. मगे घराची वाट. शेवटाक माकाच विचारी, 'बाय, तू खंयची गो?'"

तिने साडीचा पदर पुढे घेतला. टोकाला गाठीच गाठी.

"हरेक गोष्टीची गाठ मारतंय. तरी तळेवाडो सुटलो. दोनदा."

ही बाई आमच्या शेजारची. माझ्या बारशाला कोण कोण जेवून गेलं ते ती अजून सांगते. घंटी बसवायची म्हणजे फार तर तासाचं काम, पण हात चालेना. उगाच म्हटलं, "मावशे, तू रोज कसा करतंस ता दाखव बघू."

तिने माऊस धरला. स्क्रीनवरची अक्षरं ही एवढी मोठी.

"ही कोणी मोठी केली?"

"गौरवीन, माझ्या भाचयेन, मागच्या हप्त्यात. चष्मो लावूक लाज वाटता मरे. बाब म्हणतले, म्हातारी झाली." मग तिने पट्टीवर बोट ठेवलं. "आता ह्या बघ. जेचा नाव हय दिसता, तेचा आज पाणी. तळेवाडो दिसणा नाय, म्हणजे तेंची आज ऑर्डर नाय. बरोबर मा?"

बरोबर नव्हतं. ऑर्डर असो नसो, पट्टीत सगळे वाडे कायम असतात.

मी वरपासून नावं वाचली. देऊळवाड्यापर्यंत आलो आणि यादी संपली. त्याच्या खाली, अगदी स्क्रीनच्या काठाला, एक बारीक आडवी रेघ. मला वाटलं बॉर्डर. मग आठवलं, मी बॉर्डर दिलेलीच नाही. स्क्रीनला नाक लावून बघितलं.

शिरोरेघ होती. तळेवाड्याची. बाकी अक्षरं काठाखाली बुडालेली. त्याच्या खालचा शिरवाडा तर पूर्णच गेलेला; नशीब, तिथली ऑर्डर अजून आली नव्हती.

माझ्या लॅपटॉपवर सगळे वाडे मावायचे. पट्टी छान दिसावी, बाजूला स्क्रोलबार लोंबू नये, म्हणून मी कोडमध्ये सांगून ठेवलं होतं, जे मावणार नाही ते लपव. मावशीने अक्षरं मोठी केली. कोडने माझं ऐकलं.

मी अक्षरं बारीक केली. दोन्ही वाडे वर आले.

"अगो बाय!" मावशी म्हणाली. "हे खंयसून इले?"

"हयच होते. मीच लपवलंय. तू इसरूक नाय, मावशे."

"परत सांग."

"तू इसरूक नाय."

ती जनेलातून बाहेर बघत राहिली. मग म्हणाली, "म्हणजे आयेचा ता आयेबरोबर गेला."

मी ती ओळ बदलली. मावत नसेल तर सरकू दे. अक्षरं पुन्हा मोठी केली तर मावशी किंचाळली, "गेलो परत!" पट्टी आता सरकत होती, पण सरकते हे तिला कळणार कसं? म्हणून तळाशी एक ओळ कायमची चिकटवली, 'खाली आणखी वाडे आहेत', आणि बाण. तिने माऊसचं चाक फिरवलं. तळेवाडा आला, शिरवाडा आला. मग नुसतीच वर-खाली फिरवत बसली.

बाबांना फोन लावला. पट्टीचं सगळं सांगितलं. चूक माझी, घंटी नको.

मग बाब हळू आवाजात म्हणाले, "तिका काय तरी झाला, असा वाटलेला रे माका. भियेललंय मी."

"मगे तिच्या जाग्यार दुसरा कोण बघतास?"

"खंयचा दुसरा? तिका सांग, तळेवाड्याक पयलो टँकर धाड म्हणून."

मावशीने जनेलातूनच हाक मारली. "बाबली! तळेवाड्याक जा. जानकीकडे."

बाबली ड्रायव्हर टँकरला टेकून विडी ओढत होता. "नक्की मा गो? का मगे म्हणशीत, ऑर्डरच नव्हती?"

"डोळ्यांनी बघतंय! दात दाखवू नको, चल."

टँकर गेला. मावशी खुर्चीत बसली आणि पदर मांडीवर घेऊन गाठी सोडायला लागली. "ही गॅसच्या सिलिंडरची. झाला. ही घोवाच्या गोळ्यांची, हाडलंय. ही तळेवाड्याची." ती जरा जोरात ओढून सोडली. मग शेवटची राहिली. ती बोटांत धरून तिने वर बघितलं, खाली बघितलं.

"आणि ही कशाची गो बाय?"

मी खुर्ची तिच्याजवळ ओढली.

"इसारलंय मरे!" ती म्हणाली, आणि हसत सुटली. पोट धरून हसली. डोळे पुसले, परत हसली.

मग ती गाठही तिने सोडली. पदराचं टोक चुरगळलेलंच राहिलं. ते मांडीवर हाताने सपाट केलं, आणि चाक फिरवून शिरवाडा बघितला.