‘नाही’ सांगण्याचे काम

सत्याऐंशी सालची गोष्ट. प्राचार्यांच्या खोलीत लांब टेबलाभोवती तीन विभागांची माणसे बसली होती आणि एका बाईच्या कामाची वाटणी चालली होती. त्या बाई, म्हणजे अक्का, टेबलाच्या टोकाला चष्मा काढून डोळे चोळत बसल्या होत्या.

फीसवलत आणि शिष्यवृत्ती मागायला येणाऱ्या मुलामुलींना सल्ला देण्यापासून ते निकाल कळवण्यापर्यंतचे सगळे काम बावीस वर्षे त्या एकट्या करत. आता कॉलेज वाढले, अर्ज दुप्पट झाले, म्हणून प्राचार्यांनी यादी करून कामे विभागांना वाटायला घेतली. अर्ज देणे-घेणे प्रवेश विभागाकडे गेले. दाखले तपासणे लेखा विभागाकडे. मुलांशी बोलून घरची परिस्थिती समजून घेणे अक्कांच्या कल्याण विभागाकडे राहिले. सहा कामे पटापट मार्गी लागली. सातव्यापाशी सगळ्यांनी चहाचे कप उचलले.

समितीने ज्यांना सवलत नाकारली, त्यांना तसे सांगायचे, हे ते सातवे काम. फलकावर यादी लावायची नाही, एकेकाला बोलावून समोरासमोर सांगायचे, हा प्राचार्यांचाच जुना नियम.

“हे अक्कांकडेच राहू दे,” प्रवेश विभागाच्या बाई म्हणाल्या. “त्यांच्याइतकं गोड कुणाला सांगता येतं?”

“गोड नसतं ते,” अक्का म्हणाल्या. “साहेब, बाकी वाटेल ते द्या. रद्दीची खोली लावायला द्या. हे एवढं एक काढा माझ्याकडून.”

अक्कांनी आजवर काही मागितले नव्हते. त्यामुळे प्राचार्यांनी बाकीच्यांकडे पाहिले. मग लेखा विभागाचे प्रमुख खाकरले. कुणाचेही बिल आले की त्यात काटछाट केल्याशिवाय ते सही करत नसत, म्हणून सारे कॉलेज त्यांना पाठीमागे ‘कात्री’ म्हणे. त्यांनाही ते ठाऊक होते.

“द्या माझ्याकडे. त्यात काय एवढं? नाही म्हणायचाच तर पगार घेतो मी.”

सगळे हसले. अक्काही हसल्या. प्राचार्यांनी सातव्या कामापुढे ‘लेखा’ असे लिहिले.

त्यानंतरचे तीन आठवडे अक्कांना परक्याच्या घरी पाहुणी म्हणून गेल्यासारखे वाटत होते. दुपारी डबा वेळेवर उघडायचा. खोलीबाहेरच्या बाकावर कोणी रडत नसायचे. नाही म्हटलेल्या मुलींच्या आया बाजारात दिसल्या की रस्ता बदलायची इतक्या वर्षांची सवय होती. एकदा अशीच एक आई समोरून आली आणि अक्का सरळ चालत राहिल्या.

“हल्ली झोपेत बोलत नाहीस,” नवरा म्हणाला.

“काय बोलायचे मी?”

“‘बस हं, बस.’ मी बसायचो उठून.”

चौथ्या आठवड्यात एका दुपारी जिन्यात त्यांना एक मुलगी भेटली. पहिल्या वर्षाची, उंच, दोन्ही हातांनी वही छातीशी धरलेली. हिच्याशी अक्का तासभर बोलल्या होत्या. बापाला पगार होता, पण त्याने दुसरा संसार थाटला होता आणि घरी काहीच देत नव्हता. तरी दाखल्यावर तो पगार दिसत होता. समितीत अक्का तिच्यासाठी भांडल्या आणि हरल्या. त्यालाही आता महिना होत आला होता.

“मॅडम, माझं बहुतेक होतंय,” मुलगी म्हणाली. “सरांनी परवा बोलावलंय.”

“कोणत्या सरांनी?”

“लेखा विभागाच्या. मागच्या वेळी पण परवाच म्हणाले होते. त्याच्या आधी पण. चांगले आहेत हो ते. लोक उगाच काहीबाही बोलतात.”

अक्कांनी कठड्याला हात टेकला. “आणि ते इस्पितळाचं काय झालं? तिथल्या प्रयोगशाळेत तपासनीसाचा कोर्स होता ना? राहायला देत होते, शिवाय विद्यावेतन.”

“त्यांचं बोलावणं आलंय. आज पाचपर्यंत हजर व्हायचं होतं. पण इथलं होतंय म्हटल्यावर मी आईला सांगितलं, नाही जात.”

घड्याळात दोन वाजून गेले होते.

“इथेच थांब,” अक्का म्हणाल्या. “हलू नकोस.”

कात्री टेबलाशी एकटेच होते. अक्कांनी काही विचारायच्या आधीच त्यांनी खण उघडून यादी पुढे ठेवली. अठरा नावे. एकाही नावापुढे खूण नव्हती.

“एकालाही नाही सांगितलंत?”

“सांगणारच होतो.”

“महिना झाला.”

“समोर बसतात ना, अक्का.” कात्रींनी यादीची कड नखाने सरळ केली. “बिल समोर बसत नाही. आल्यावर ही मुलं आधी नमस्कार करतात. मग मला सुचतच नाही. परवा या म्हणतो. म्हटलं, तोवर समितीचं काही वेगळं झालं तर...”

“समितीचं काही वेगळं होत नाही, हे तुम्हाला माहितीये.”

“माहितीये.”

“ती उंच मुलगी जिन्यात उभी आहे. चला, मी येते बरोबर. तुम्ही फक्त पहिलं वाक्य बोला.”

कात्री उठले. टोपण लावून पेन खिशात ठेवले, दारापर्यंत आले. मग परत जाऊन खुर्चीत बसले.

“मला नाही जमणार,” ते म्हणाले. एवढा मोठा माणूस, पण आवाज शाळेतल्या मुलासारखा झाला होता.

अक्का जिन्याकडे एकट्याच निघाल्या. हे काम आज पुन्हा उचलले तर ते कायमचे गळ्यात पडेल, हे त्यांना पाऊल टाकताना स्वच्छ दिसत होते. गुडघे दुखत होते. घाई मात्र करायलाच हवी होती.

“तुझं झालेलं नाही,” त्या म्हणाल्या. “आणि होणार नाही.”

मुलगी हसली. तिला थट्टा वाटली असावी. “पण सर तर...”

“सरांचं राहू दे. समितीने नाही म्हटलंय. चार आठवडे झाले.”

तिचा चेहरा हळूहळू बदलत गेला. अक्कांनी तो बदल शेकडो वेळा पाहिला होता. तरी त्यांनी नजर काढून घेतली नाही, कारण नजर काढली की समोरच्याला अजून आशा वाटते, हे त्या अनुभवाने शिकल्या होत्या.

“तुम्हीच काहीतरी लिहिलं असणार,” मुलगी म्हणाली. “बाबांचं सगळं खोदून खोदून विचारलंत. मी वेडी, सांगत बसले. सर देणार होते. तुम्ही आडव्या आलात.”

खरे काय ते दोन वाक्यांत सांगता आले असते. पण मी तुझ्यासाठी भांडले असे सांगितले, तर ही समितीच्या दारात जाऊन उभी राहील, आणि तिथेच पाच वाजतील.

“माझ्यावर नंतर चीड,” अक्का म्हणाल्या. “आत्ता निघ. पाचच्या आत तिथे पोच. बसला पैसे आहेत?”

“तुमच्याकडून नकोत.”

ती जिना उतरून गेली. फाटकापाशी ती डावीकडे, बसथांब्याच्या दिशेने वळेपर्यंत अक्का खिडकीत उभ्या होत्या. मग त्यांनी कात्रींकडून यादी मागून घेतली. उरलेली सतरा नावे दोन दिवसांत संपली. पुढच्या सोमवारी सुधारित आदेश निघाला. सातव्या कामापुढे ‘कल्याण’ असे टंकलेले होते. वाचल्याची सही करायची होती. अक्कांनी केली.

प्राचार्य पुढच्याच वर्षी बदलून गेले. प्रवेश विभागाच्या बाई बढती घेऊन मुलाच्या गावी गेल्या. कात्री निवृत्त होईपर्यंत इतरांच्या बिलांत काटछाट करत राहिले, पण अक्कांच्या विभागाचे बिल आले की न वाचता सही करत. त्याबद्दल दोघे कधी बोलले नाहीत. ते वारले तेव्हा त्यांच्या घरी भेटायला आलेल्यांत बरीच अनोळखी माणसे होती, ‘सर फार चांगले होते’ म्हणणारी. त्यांच्या बायकोलाही ती कोण ते कळले नाही.

अक्कांनी ते काम आणखी नऊ वर्षे केले. नवरा आधी गेला, मग त्या एकट्याच राहू लागल्या.

उंच मुलगी त्या दिवशी पाचला दहा मिनिटे कमी असताना इस्पितळात पोचली होती. हे अक्कांना फार पुढे, तिच्या एका मैत्रिणीकडून कळले. त्याच इस्पितळात ती तपासनीस झाली, मग प्रयोगशाळेची प्रमुख. दोन धाकट्या भावंडांना तिने शिकवले, आईला शेवटपर्यंत सांभाळले. कॉलेजात ती परत कधी आली नाही.

अक्का पंच्याहत्तरीच्या झाल्यावर डॉक्टरांनी त्याच इस्पितळात रक्त तपासायला पाठवले. रांगेतून आत गेल्या तर खुर्चीशेजारी तीच उभी होती, कानशिलांवरचे केस पांढरे झालेली. नेहमीची मुलगी रजेवर होती म्हणून स्वतः रक्त घेत होती. अक्कांनी तिला लगेच ओळखले. तिने चिठ्ठीवरचे नाव वाचले, पण कॉलेजात ते नाव कोणाला माहीत होते? तिथे त्या नुसत्या मॅडम होत्या.

“आजी, मूठ वळा,” ती म्हणाली.

अक्कांनी मूठ वळली. म्हाताऱ्या हातांत शीर सापडणे अवघड असते. तिला पहिल्या खेपेलाच सापडली.

“दुखलं का?”

“नाही,” अक्का म्हणाल्या, आणि कापूस दाबून धरून बाहेरच्या बाकावर पाच मिनिटे बसल्या.