दहा वर्षांनी मोठी

त्या चार मजली दुकानात शिरलं की डाव्या हाताला चेहऱ्याच्या क्रीमचा काउंटर होता, आणि काउंटरमागे थोरली उभी असे. दुकानात तिला सगळे ‘मॅडम’ म्हणत. थोरली हे तिचं घरातलं नाव, आणि ते घराबाहेर पडू नये याची ती डोळ्यांत तेल घालून काळजी घेई. कारण थोरली म्हटलं की कुणीतरी धाकटी आली, आणि धाकटी आली की मॅडमचं वय चव्हाट्यावर आलं.

वय होतं एकसष्ट. दुकानात सांगितलेलं एक्कावन्न. ऑफिसातल्या फायलीत खरा आकडा होता, पण फायली उघडून वाचायची सवय त्या दुकानात कुणालाच नव्हती.

क्रीम विकायची तिची पद्धत साधी होती. गिऱ्हाईक बाटली उलटीसुलटी करून किंमत बघू लागलं की ती गाल जरा पुढे करून म्हणायची, “माझं वय ओळखा बरं.” समोरची बाई भिडेखातर पंचेचाळीस म्हणायची. थोरली गोड हसून “एक्कावन्न” म्हणायची, आणि बाईचा हात पर्समध्ये जायचा. ‘एकसष्ट म्हण, एकीच्या दोन बाटल्या खपतील,’ असं धाकटीने तिला कितीदा सांगितलं होतं. हिशोब बिनचूक होता. पण एकसष्ट हा शब्द थोरलीच्या तोंडातून बाहेर पडायला तयार नसे.

आता असा चेहरा फुकट सांभाळला जात नाही. पहाटे नवरा उठायच्या आत तिची आरशासमोरची ड्यूटी सुरू व्हायची. केसांची मुळं, डोळ्यांखालचं काळं, मग भुवया. भुवया तर तिने इतकी वर्षं उपटल्या होत्या की आता त्या यायच्याच बंद झाल्या होत्या, त्यामुळे रोज नव्याने पेन्सिलीने काढाव्या लागत. नवऱ्याने तिचा धुतलेला चेहरा शेवटचा कधी पाहिला, हे त्या बिचाऱ्यालाही आठवलं नसतं. आणि हसायचं ते बेताने, कारण मोकळं हसलं की रेघा पडतात.

धाकटीची तऱ्हाच वेगळी. दोघी जुळ्या. थोरली आधी आली, आणि आईला दम खाऊ न देता धाकटी तिच्या मागोमाग. तेवढ्या अंतरावर त्या घरात एक कायदा उभा राहिला. फळाचा मोठा वाटा मोठीचा, आणि जड पिशवीही मोठीचीच. शाळेच्या पहिल्या दिवशी धाकटी फाटकाला धरून गळा काढून रडत होती, तेव्हा तिच्याएवढ्याच उंचीच्या थोरलीने तिचा हात घट्ट धरला आणि म्हणाली, “रडू नको. ताई आहे ना.” तेव्हापासून धाकटी तिला ताई म्हणते. थोरलीने पुढे आयुष्यात बऱ्याच गोष्टींचं सोंग केलं, पण ताई असण्याचं कधी करावं लागलं नाही. ते तिला आपसूक जमत असे.

धाकटीची लाँड्री होती. केस पांढरे व्हायला लागले तेव्हा तिने त्यांना होऊ दिलं. पांढरं होणं यात वाईट काय, हे लाँड्रीवालीला कळणं अवघडच होतं. क्रीमच्या काउंटरवर चेहरे पुसायला लागणारे छोटे टॉवेल तिच्याकडेच धुवायला जात. ते काम थोरलीनेच मिळवून दिलेलं, पण एका अटीवर. माल गाडीवाला आणेल, धाकटीने स्वतः दुकानात पाऊल ठेवायचं नाही. “बरं बाई,” धाकटी म्हणाली होती, “तुझ्या चेहऱ्याची दुसरी प्रत बाजारात फिरायला नको.”

बरीच वर्षं हे सुरळीत चाललं. मग एके दिवशी गाडीवाला तापाने आडवा झाला, आणि काउंटरवरचे टॉवेल संपले.

“ताई! गाडीवाला आजारी, मीच आले!” असं दारातूनच ओरडत, डोक्याएवढं गाठोडं छातीशी धरून धाकटी आत आली. त्यात नेमका नवा मॅनेजर काउंटरशी उभा. हा पोरगा जेमतेम तिशीचा. आपल्याला कुणी पोरगा समजू नये म्हणून त्याने भलीमोठी दाढी वाढवली होती. त्याने गाठोड्याच्या वरचा चेहरा पाहिला, मग काउंटरमागचा पाहिला.

“या कोण?”

“माझी... मोठी बहीण,” थोरली म्हणाली.

“पण त्या तुम्हाला ताई म्हणाल्या.”

“ती सगळ्यांनाच म्हणते. लाँड्रीतली सवय.”

“कितीने मोठ्या?”

“दहा वर्षांनी.”

धाकटीने गाठोडं सावकाश खाली ठेवलं. थोरलीकडे बघितलं. “हो,” ती म्हणाली. “दहा वर्षांनी. माझ्यानंतर आईने चांगला दम खाल्ला.”

मॅनेजरचे डोळे चमकले. येत्या शनिवारी क्रीमची कंपनी दुकानात कार्यक्रम करणार होती, आणि त्याला कल्पना सुचत नव्हती. आता ती दोन पायांवर, खरं तर चार पायांवर, चालत आली होती. दोन सख्ख्या बहिणी, एकच चेहरेपट्टी. एक क्रीम लावणारी, एक कधीच न लावणारी. लोकांना विचारायचं, यातली मोठी कोण? “आणि फसवाफसवी नको,” तो दाढी कुरवाळत म्हणाला. “केस टॉवेलने झाकू. चेहरे सगळ्यांसमोर धुऊ. नुसती कातडी बोलेल.”

कातडी काय बोलेल या विचाराने थोरलीच्या तोंडचं पाणी पळालं. पण नाही म्हणायला कारण सापडेना, आणि धाकटी तर टाळी वाजवून “येते की!” म्हणाली.

त्या संध्याकाळी धाकटी तिच्या घरी आली. थोरलीने सवयीने सफरचंद कापलं आणि मोठी फोड स्वतःच्या बशीत घेतली. धाकटीने शांतपणे बशा बदलल्या.

“हे काय?”

“दहा वर्षांनी मोठी आहे मी. मान ठेव जरा.”

“बास गं! वेळ निभावून नेली. नोकरीचा प्रश्न आहे माझ्या. क्रीमवाली म्हातारी आहे म्हटल्यावर क्रीम कोण घेईल?”

“मी कुठे नाही म्हणते? पण ताईपण देऊन टाकलंस ना? मग दिलंस.” धाकटीने फोडीचा चावा घेतला. “गोड आहे.”

नंतर दोघी बाजारात गेल्या, तर धाकटीने तिच्या हातातली जड पिशवीही काढून घेतली. थोरली मोकळे हात हलवत मागून चालली. हाताला ओझं नसलं की माणसाला बरं वाटायला हवं, पण तिला आपण घरी काहीतरी विसरून आलोय असं सारखं वाटत राहिलं.

शनिवारी तळमजल्यावर माणूसच माणूस. मधोमध बुटकं स्टेज, त्यावर दोन खुर्च्या आणि कोमट पाण्याची दोन भांडी. कंपनीचे दोन साहेब कोट घालून कडेला. दोघी बहिणींच्या डोक्यांना धाकटीच्याच लाँड्रीतले पांढरेशुभ्र टॉवेल गुंडाळलेले, अंगात सारखे झगे. थोरलीने भांड्यात बघितलं आणि डोळे मिटून चेहरा धुतला. पाण्यावर बराच ऐवज तरंगला. भुवया तर आल्या तशा गेल्या.

“तर मंडळी,” मॅनेजर माईकमध्ये म्हणाला, “यातली एक बहीण आमचं क्रीम वीस वर्षं लावतेय. दुसरीने कधी बोटही लावलेलं नाही. सांगा बघू, दोघींत मोठी कोण?”

थोरली ताठ बसली होती. बिनभुवयांची, ओठ घट्ट मिटलेली, डोळ्यांभोवतीची कातडी चोळून चोळून लाल झालेली. शेजारी धाकटी भल्या दाट भुवया उंचावून गर्दीत ओळखीचं कुणी आहे का बघत होती, आणि एक लाँड्रीचं गिऱ्हाईक दिसल्यावर तिने हात हलवला.

पहिल्या रांगेतल्या एका बाईने बोट वर केलं. “या. या मोठ्या.”

बोट थोरलीकडे होतं. मग दुसरं आलं, तिसरं आलं, आणि बघता बघता सगळी गर्दी तिच्याकडे बोट करून उभी राहिली.

“नीट बघा! नीट बघा!” मॅनेजर माईकमध्ये ओरडला.

“नीट बघितलं म्हणूनच सांगतोय,” मागून एक गृहस्थ म्हणाले, आणि हशा पिकला.

थोरलीचे कान तापले. वीस वर्षं पहाटे उठून उभा केलेला डोलारा एका भांडंभर पाण्यात गेला होता. तिला रडू येत होतं, आणि रडू आलं की डोळे सुजतात हेही नेमकं तेव्हाच आठवत होतं. कंपनीच्या साहेबांची आपसात कुजबुज सुरू झाली.

तेवढ्यात धाकटी उठून उभी राहिली. तिने मॅनेजरच्या हातातून माईक घेतला.

“अहो, चुकताय तुम्ही सगळे. मोठी मी आहे. चांगली दहा वर्षांनी. आज हिची झोप झालेली नाही, म्हणून अशी दिसतेय. एरवी बघाल तर...” लोक अजून हसत होते, तशी ती जास्तच जोरात बोलायला लागली. “खोटं वाटतं? अहो, शाळेच्या पहिल्या दिवशी हिला मी नेलंय! फाटकाला धरून रडत होती ही. मी हिचा हात धरला, आणि म्हटलं, रडू नको, ताई आहे ना.”

थोरलीने मान वळवून तिच्याकडे बघितलं. धाकटी खरंच तिला वाचवत होती. हातात होतं ते सगळं देऊन वाचवत होती. हसणारी गर्दी, गेलेल्या भुवया, साहेबांची कुजबुज, एवढं सगळं थोरलीने गिळलं असतं. हे एक तिला गिळता येईना.

“खोटं!” ती उठली. डोक्यावरचा टॉवेल सुटून खाली पडला. “साफ खोटं बोलतेय ही. रडत होती ती ही! हात मी धरला होता. ताई मी आहे.”

धाकटीने माईक खाली घेतला. मॅनेजर दाढीत बोटं घालून उभा होता. “म्हणजे मॅडम, तुमचं वय...”

“एकसष्ट,” थोरली म्हणाली. शब्द वाटला होता तेवढा जड नव्हता. “दोघींचंही एकसष्टच. जुळ्या आहोत आम्ही. पण मी आधी आलेय.”

मग पहिल्या रांगेतली ती बाई पुढे आली, थोरलीला खालीवर न्याहाळत म्हणाली, “एकसष्ट? मग छानच आहात की हो! मी तर सत्तर धरले होते. मला दोन बाटल्या द्या.”

धाकटी खो खो हसत सुटली. एकीने तिचा झगा ओढून विचारलं, “आणि तुम्ही काय लावता हो?”

“मी? इस्त्रीची वाफ.”

“कितीला मिळते?”

बाटल्या दोन खपल्या, पण कंपनीच्या साहेबांना काही ते मानवलं नाही. ते मॅनेजरला कोपऱ्यात घेऊन गेले, आणि परत आला तेव्हा पोरगा दाढीसकट लहान दिसत होता. “मॅडम, सॉरी,” तो म्हणाला. “सोमवारपासून तुम्ही वरच्या मजल्यावर. चादरी आणि टॉवेल.”

थोरलीला लागलं. वीस वर्षांचा तो काउंटर, तो आरसा, ती उभं राहायची जागा. तिने काउंटरवरून एकदा हात फिरवला आणि पेन्सिल तेवढी उचलून पर्समध्ये टाकली. मग जराशाने कचऱ्याच्या डब्यात टाकली.

धाकटी स्टेजवरचे ओले टॉवेल गोळा करून गाठोडं बांधत होती.

“दे इकडे,” थोरली म्हणाली.

“राहू दे गं. ओले आहेत, जड झालंय.”

“म्हणूनच दे.”

धाकटीने एकदा तिच्याकडे बघितलं आणि गाठोडं दिलं. ते खरोखरच जड होतं. थोरलीने ते कमरेवर टेकवलं आणि धुतलेल्या तोंडाने, बिनभुवयांची, भर गर्दीतून दाराकडे निघाली. पाणी झिरपून झगा भिजत होता. तिला दम लागला, आणि फार बरं वाटलं.

“ताई, सांभाळून! पुढे पायरी आहे!” धाकटी मागून ओरडली. अख्ख्या तळमजल्याने माना वळवल्या.

“ओ,” थोरली म्हणाली.